वाडा रिकामा करण्याआधी: शहराचं संग्रहालय तुमच्या माळ्यावरून काय नेतं आणि काय ठेवून जातं

पुण्याच्या नारायण पेठेतल्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. चौकाचा वाडा पुनर्विकासाला दिलाय, दोन महिन्यांत रिकामा करायचाय, माळ्यावर तीन पिढ्यांचं सामान पडून आहे. शहराच्या इतिहासाचं संग्रहालय असल्या वस्तू घेतं का? कशावरून ठरवतं? पैसे किंवा करात सवलत मिळते का? आणि आजोबांच्या नावानं त्या कायम मांडून ठेवतील का?

पंचवीसहून जास्त वर्षं मी संग्रहालयात दोन कामं केली: वस्तू घेणं आणि नाही म्हणणं. दुसरं जास्त केलं. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

सगळ्यात आधी, माळा झाडू नका. संग्रहालयाची माणसं येणार म्हटलं की घरात दिवाळीआधीची धांदल सुरू होते. पितळेची भांडी चिंच लावून लख्ख होतात, फोटो चौकटींतून निघतात, कागद उन्हं दाखवायला गच्चीवर जातात. सगळं प्रेमापोटी. पण हंड्याच्या बुडाचं काजळ सांगत असतं की तो शेवटपर्यंत चुलीवर चढत होता. ते गेलं की उरतो शोभेचा हंडा, तसा तुळशीबागेत आजही मिळतो.

यात माझंही एक पाप आहे. नदीकाठच्या एका घरातून फोन आला होता. लग्नाचा मोठा फोटो, जुन्या चौकटीतला, ‘पण खराब झालाय हो, खालून निम्मा मातकट आहे.’ मी घाईत होतो. म्हणालो, ‘हरकत नाही, जरा पुसून आणा.’ आठवड्यानं काका फोटो घेऊन आले. त्यांनी तो एका स्टुडिओतून ‘नीट’ करून आणला होता: खालचा भाग कापलेला, नवरा-नवरी कमरेपासून वर, वरून चकचकीत लॅमिनेशन. मी विचारलं, तो मातकट भाग कसला होता? ‘पानशेतचा. पाणी तेवढं चढलं होतं ना भिंतीवर.’ १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, त्या दिवशी त्या खोलीत पाणी नेमकं कुठवर आलं होतं हे सांगणारी रेघ त्या फोटोवर होती. नवरा-नवरीचे फोटो आमच्याकडे ढिगानं होते. रेघ एकच होती, आणि ती माझ्या सांगण्यावरून कचऱ्यात गेली. तेव्हापासून फोनवर माझं पहिलं वाक्य ठरलेलं: आहे तसं राहू द्या, मी येतो.

आता मुख्य प्रश्न, काय घेतात. इथं पुणेकरांचा एक गोड गैरसमज असतो, आणि त्याला कारण आहे. संग्रहालय म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बाजीराव रस्त्यावरचं केळकर संग्रहालय येतं. दिनकर केळकर, कवी ‘अज्ञातवासी’, यांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली आणि हयातभर दिवे, अडकित्ते, वज्री, कुलुपं, वाद्यं, कोरीव दरवाजे गोळा करत राहिले. लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं तो वीसेक हजार वस्तूंचा संग्रह उभा राहिला आणि त्यांनी तो शासनाला देऊन टाकला. ती एका माणसाच्या नजरेची करामत. अडकित्त्यांत सगळ्यात देखणा कोणता, हे केळकरांना कळत होतं. शहराच्या संग्रहालयाची नजर वेगळी असते. अडकित्ता देखणा आहे का, हे आम्ही शेवटी विचारतो. आधी विचारतो: कोणाचा, कोणत्या घरात, सुपारी कोण कातरायचं, घरातल्या बाईच्या हातात तो कधी आला का, आणि बंद केव्हा झाला. याची उत्तरं नसतील तर अडकित्ता सुंदर असूनही आमच्या दृष्टीनं मुका.

सदाशिव पेठेतल्या एका घरी मी गेलो होतो, तेव्हाचं सांगतो. घरच्यांनी ओटीवर सतरंजी टाकून वस्तू मांडल्या होत्या. मधोमध तलवार. तलवार नेहमी मधोमधच असते आणि नेहमी ‘शिवकालीन’ असते. पुण्यातल्या तलवारींत शिवकालानंतरची मी फारशी पाहिलीच नाही, इतकं आपलं शहर भाग्यवान. शेजारी पालखीचा एक दांडा, चांदीचं तबक, ग्रामोफोन. मी सगळं पाहिलं, चहा घेतला. उठताना कोपऱ्यातली पत्र्याची ट्रंक दिसली. ‘त्यात काही नाही, आजोबांच्या हिशेबाच्या वह्या.’ उघडली. वरच एक लांबट वही होती, आडव्या ओळींवर हातानं सात रकाने पाडलेली. सोमवार ते रविवार. रकान्यांत मुलांची नावं. ते वार लावून जेवायला येणाऱ्या विद्यार्थ्यांचं टिपण होतं. गावाकडून शिकायला आलेला गरीब मुलगा आठवड्याचे सात वार सात घरी जेवायचा. या घरानं कोणाला कोणता वार दिला होता, त्याची नोंद. मंगळवारच्या रकान्यात एका नावापुढे पेन्सिलीनं ‘कांदा नाही’. दुसऱ्या एकापुढे ‘परीक्षा, डबा’. एक नाव खोडलेलं आणि वर नुसती तारीख.

तलवार आम्ही घेतली नाही. वही घेतली. यजमानांना ते बरेच दिवस कळलं नाही, आणि मला वाटतं जरा रागही आला. पण तुम्हीच पाहा, विद्येचं माहेरघर वगैरे आपण म्हणतो, ते माहेरघर चालत कसं होतं, कोणाच्या स्वयंपाकघरातून चालत होतं, हे त्या एका वहीत होतं.

म्हणून तुमच्या माळ्यावर मी काय शोधीन? सायकलचे नगरपालिकेचे बिल्ले. रेशनकार्ड. पीएमटीची, म्हणजे तेव्हाच्या शहर बसची तिकिटं, कोणी पुस्तकात खूण म्हणून घातलेली. मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या. भाडेकरूंच्या भाडेपावत्या, नळाच्या भांडणाचे अर्ज. शेर-पावशेराची मापं, विशेषतः कोणी त्यांच्यावर खिळ्यानं नाव कोरलं असेल तर. १९५८ पासून मेट्रिक वजनं टप्प्याटप्प्यानं आली आणि जुनी अडगळीत गेली, त्यामुळे माळ्यावरचा तो थर साधारण कोणत्या काळाचा, हेही त्यांवरून कळतं. घरमालकानं गच्चीवरून काढलेले रस्त्याचे फोटो, ज्यांत कोणीच महत्त्वाचं नाही. वाड्याचा नकाशा असेल तर तो पहिल्यांदा.

आणि नाही कशाला म्हणीन? शिवणयंत्रं, ग्रामोफोन, पाटे-वरवंटे, जाती, कंदील. हे जवळजवळ प्रत्येक घर देऊ करतं. एक जातं ठेवायला जेवढी जागा लागते तेवढ्या जागेत वह्यांची दोन कपाटं मावतात, आणि जातं पुढची शंभर वर्षं कोणालातरी उचलावं लागतं. आमच्याकडे आधीच चांगलं जातं असेल तर दुसरं तेव्हाच घेतो जेव्हा त्याच्याबरोबर काहीतरी येतं. एका आजींनी जात्यावर बसून ओव्या म्हणून दाखवल्या, तेव्हा दुसरंही घेतलं होतं. तिसरं नाही.

मोडी कागद निघाले तर गडबडून जाऊ नका आणि रद्दीत तर मुळीच घालू नका. पुष्कळदा ते खरेदीखतं, हुंड्या, घरगुती हिशेब असतात, पण ते वाचणाऱ्यानं ठरवावं. पुण्यात त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेत आहे, आणि ज्या इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी ते उभारलं त्यांनी आयुष्यभर गावोगाव, दारोदार फिरून लोकांच्या घरातली दप्तरंच तर गोळा केली. चांगलं संग्रहालय स्वतः घेत नसेल तर कुठे द्यावं हे सांगतं. ‘आम्हाला नको’ एवढंच म्हणणारा अधिकारी भेटला तर त्याला पुढचा पत्ता विचारा. ते त्याचं कामच आहे.

आता कागदपत्रांचा भाग, थोडा रुक्ष. कायद्यानं जंगम वस्तूचं दान नुसतं हातात सोपवलं आणि समोरच्यानं स्वीकारलं तरी पुरं होतं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात तसंच आहे. पूर्वी संग्रहालयं तशीच घ्यायची, एक आभाराचं पत्र आणि हार. त्याचे भोग आम्ही भोगलेत. थोरल्या भावानं कौतुकानं देव्हारा दिला, पाच वर्षांनी धाकटा वाटणीपत्र घेऊन दारात उभा: देव्हारा माझ्या वाटणीचा. त्याचं खरं होतं. तेव्हा आता दानपत्र लागतं, आणि त्यावर शक्यतो सगळ्या वारसांच्या सह्या. अमेरिकेतल्या बहिणीचीसुद्धा. सही मागितली म्हणून वाईट वाटून घेऊ नका. आम्ही वस्तू तुमच्याकडून घेतो पण सांभाळतो तुमच्या भाच्यांपासून, असं आमचे एक वरिष्ठ म्हणायचे.

वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल, आणि हस्तलिखितं-कागद पंच्याहत्तर वर्षांहून, तर १९७२ चा पुरातन वस्तूंचा कायदा लागू होऊ शकतो. दगडी-धातूच्या मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या अशा काही प्रकारांची नोंदणी करावी लागते आणि मालकी बदलली तर कळवावं लागतं. ते संग्रहालय तुमच्याकडून करून घेईल. त्याच वर्षीचा वन्यजीव कायदा मात्र लोक विसरतात. पणजोबांनी मारलेल्या वाघाचं कातडं, हस्तिदंताची डबी हे घेऊन थेट आमच्या दारात येऊ नका. आधी वनखात्याकडे मालकीचा दाखला आहे का ते पाहा. पत्रांबद्दलही एक गोष्ट: पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसांचा. म्हणजे तुमच्या आजोबांना कोणा नामवंतानं लिहिलेलं पत्र तुम्ही आम्हाला देऊ शकता, छापायची परवानगी देऊ शकत नाही.

पैशांचं सरळ सांगतो. दानाला पैसे नाहीत. आणि आयकरात देणगीबद्दल मिळणारी वजावट, ऐंशी-जी म्हणून ओळखली जाते ती, पैशांच्या, म्हणजे चेकनं वगैरे दिलेल्या देणगीवर असते. वस्तू दिली तर मिळत नाही. हे आधी सांगितलेलं बरं, कारण ‘किमतीचा दाखला द्या, आमचा सीए म्हणतोय’ हा फोन मार्चमध्ये हटकून येतो. किमतीचा दाखला आम्ही देतही नाही. जो वस्तू घेणार त्यानंच भाव सांगायचा, हे कोणत्याही व्यवहारात बरं दिसत नाही.

विकायचं असेल तर विका. त्यात लाज नाही. पण मग जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी फेरी मारून या आणि पाहा कशाला काय भाव येतो. कोरीव खांब, तुळया, दरवाजे वाडा पाडणारेच उचलतात. त्यांना हॉटेलवाले गिऱ्हाईक. ट्रंक विकली जाते आणि आतले कागद ओतून टाकलेले असतात. मी त्या ढिगांतून पुष्कळ वेचलंय. पण ढिगातून वेचलेल्या कागदाला घर नसतं. तो कोणाचा, हे सांगणारं कोणी नसतं.

दिल्यावर काय होतं? वस्तू आल्या आल्या बाकीच्या संग्रहात जात नाहीत. त्या वेगळ्या खोलीत ठेवतो, कारण तुमच्या ट्रंकेतून कसर आणि वाळवीही दान येते. मग समितीपुढे यादी. मंजूर झाल्यावर दाखल क्रमांक: वर्ष, त्या वर्षातलं कितवं दान, त्यातली कितवी वस्तू. तो क्रमांक आम्ही वस्तूवर थेट रंगवत नाही. आधी लाखेसारखा निघू शकणारा थर, त्यावर बारीक अक्षर, त्यावर पुन्हा थर. कागदावर मऊ पेन्सिल. (घरच्या फोटोंच्या मागे नावं लिहिताना हेच करा. बॉलपेन नको, पुढे चेहऱ्यावर उमटतं. सेलोटेप तर कशालाच नको.) नंतर मलमल, आम्लरहित कागद, खोकं, कोठार.

कोठार म्हटलं की दात्यांचा चेहरा पडतो. मांडणार नाही? बहुतेक वस्तू बहुतेक काळ मांडलेल्या नसतात. वर्षानुवर्षं दिव्याखाली ठेवलेली पैठणी ही हळूहळू मारलेली पैठणी असते, कागदाचंही तेच. म्हणून ‘कायम मांडून ठेवावं’ ही अट कोणी चांगलं संग्रहालय मान्य करणार नाही, आणि केलीच तर त्यांच्यावर विश्वास ठेवताना दोनदा विचार करा. ‘आमच्या सगळ्या वस्तू एकत्रच, वेगळ्या दालनात’ हेही नाही. ‘हवं तेव्हा परत’ याला दान म्हणत नाहीत. ते उसनं झालं, आणि उसनं आम्ही एखाद्या प्रदर्शनापुरतं, परतीची तारीख लिहून घेतो. उलट तुम्ही आम्हाला एक प्रश्न जरूर विचारा: पुढेमागे वस्तू संग्रहातून काढायची वेळ आली तर? सरकारी भाषेत निर्लेखन. त्याची पद्धत लेखी असायला हवी, आणि आधी घरच्यांना किंवा दुसऱ्या संग्रहालयाला विचारू, असं त्यात असायला हवं. उत्तर देताना अधिकारी चाचरला तर समजून घ्या.

इथवर सगळं तुमच्या बाजूनं झालं. आता आमच्या बाजूचं एक, जे दात्यांना कोणी सांगत नाही. दानावर उभा राहिलेला संग्रह म्हणजे ज्यांच्या घराला माळा होता त्यांचा संग्रह. मी निवृत्तीच्या आधी आमची दाखल नोंदवही पहिल्यापासून चाळली. सदाशिव, नारायण, शनिवार, मग थोडं कॅम्प, पुढे डेक्कन-प्रभात रस्ता. जणू शहर तेवढंच. भवानी पेठ तुरळक. दांडेकर पुलाच्या वस्तीतून, पाटील इस्टेटच्या झोपडपट्टीतून काहीच नाही. पानशेतचं पाणी त्यांच्याही घरात शिरलं असणार, पण रेघ उमटायला भिंत टिकावी लागते. दहा बाय दहाच्या खोलीत जुनं ठेवायचं म्हणजे नव्याला जागा नाही. आणि संग्रहालय दारात बसून फोनची वाट पाहत राहिलं तर तिथून फोन येत नाही. त्यांना हे ठाऊकच नसतं की भाकरीचा तवा किंवा बिडीची पानं कापायचा पत्र्याचा फर्मा ही इतिहासाची वस्तू आहे. का ठाऊक असावं? कोणी विचारलंय कधी?

म्हणून शेवटची काही वर्षं मी उलटं केलं. आधी यादी केली, शहराचं काय आपल्याकडे नाही याची, आणि मग दाते शोधत निघालो. कचरा वेचणाऱ्या बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून याच शहरात आहे. गळ्यातलं ओळखपत्र त्या बाईसाठी काय होतं, हे आपण विचारल्याशिवाय कळत नाही. पण तिथं दान हा शब्द नीट बसत नाही. जिच्याकडे एकच वस्तू आहे आणि ती रोजच्या वापरातली आहे, तिच्याकडून दान कसं घ्यायचं? बऱ्याचदा आम्ही वस्तूचा फोटो घेतला, बोलणं ध्वनिमुद्रित केलं, वस्तू तिच्यापाशीच ठेवली. कधी मोबदला दिला.

मंडईत एक मावशी होत्या. लोखंडी तागडी, दांडीला मधोमध कापडाची चिंधी बांधलेली, तिथं हात धरून धरून चिंधी काळी झालेली. त्यांचा मुलगा इलेक्ट्रॉनिक काट्याच्या मागे लागला होता. आम्ही म्हटलं, काटा आम्ही घेऊन देतो, तागडी आम्हाला द्या. मावशी म्हणाल्या, ‘देते. पण दसरा होऊ द्या.’ दसऱ्याला तागडीची पूजा झाली, झेंडूचं फूल बांधलं, दुसऱ्या दिवशी त्यांनी ती दिली, फुलासकट. वजनं मात्र चारच दिली. अर्धा किलोचं दिलं नाही. ‘ते राहू दे. सवय आहे हाताला.’ नोंदवहीत आम्ही तसंच लिहिलं: एक वजन दात्याकडे. फूलही वाळवून वेगळ्या पाकिटात ठेवलंय. त्याला स्वतंत्र क्रमांक आहे, यावरून समितीत अर्धा तास वाद झाला होता.

राहिला आजोबांच्या नावाचा प्रश्न. दालनाला नाव नाही, पण वस्तू जेव्हा जेव्हा मांडली जाईल, छापली जाईल, तेव्हा शेजारी दात्याचं नाव असतं, आणि नोंदवहीत कायम असतं. कोणाचं नाव, हे तेवढं तपासून घ्या. त्या वाराच्या वहीचं दानपत्र करताना ‘कै. आजोबांची हिशेबवही’ असं लिहून आलं होतं. मी ट्रंकेतली आजोबांची खरी हिशेबवही उघडून शेजारी ठेवली. अक्षर वेगळं होतं. घरातल्या सगळ्यात वयस्कर आत्यांना दाखवलं, त्या लगेच म्हणाल्या, ‘हे आईचं. वार कोणाला द्यायचा ते तीच ठरवायची.’ पण आईचं लग्नाआधीचं नाव, त्या लिहायला कुठे शिकल्या, हे कोणालाच सांगता येईना. नोंदीतला तो रकाना अजून रिकामा आहे.

तेव्हा वाडा सोडायच्या आधी एक रविवार काढा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला माळ्याखाली खुर्ची द्या, एकेक वस्तू खाली उतरवा, मोबाईलवर त्यांचं बोलणं चालू ठेवा. आणि तुमच्या आजीचं माहेरचं नाव त्या यादीच्या वरती लिहून आणा.